हाताची खूण आणि डब्याचे झाकण

प्रश्न : माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. आम्ही मुलुंडला राहतो. मी फोर्टला नोकरी करते. सकाळी आठला घर सोडते आणि परत यायला साडेसात वाजतात. दिवसभर ती सासूबाईंकडे असते आणि दुपारी चार तास तिला सांभाळायला एक मावशी येतात, त्या हिंदी बोलतात. मुलगी ‘आबा’ आणि ‘काऊ’ एवढेच बोलते. बाकी सगळे बोट दाखवून आणि किंचाळून. परदेशी आया लहान मुलांना खुणांची भाषा शिकवतात, असे मोबाइलवर पाहून मी ४८ चित्रकार्डांचा संच मागवला. सासूबाईंचे म्हणणे, “धडधडीत ऐकणाऱ्या पोरीला मुक्यासारखे हातवारे कशाला? बोलायची ती बोलणारच नाही.” दुसरे असे की तिच्यासाठी आणलेली महागडी खेळणी कोपऱ्यात पडून आहेत आणि ती स्वयंपाकघरातल्या डब्यांशी खेळते. घरीच खेळणी करावीत असे मला वाटते, पण यजमान म्हणतात की घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही. काय करावे? — एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, सासूबाईंच्या शंकेपासूनच सुरुवात करते, कारण दिवसाचे जवळजवळ बारा तास मुलीजवळ त्या असतात आणि त्यांना न पटलेली गोष्ट तुमच्या घरात चार दिवसही टिकणार नाही. मुलीने लवकर बोलावे हीच त्यांचीही इच्छा आहे. त्यांना फक्त एवढे विचारून पाहा, की मुलीला ‘टाटा’ करायला कोणी शिकवले? देव्हाऱ्यासमोर ‘जयजय कर’ म्हणताच ती हात जोडत असेल, तर ते कोणी शिकवले? भात संपला की रिकामे तळवे उलटेसुलटे करून ‘गेला’ दाखवणे, बाळाच्या तळहातावर बोट टेकवत मोराला दाणे घालणे आणि शेवटी हात वर नेऊन त्याला भुर्र उडवून देणे, हे सगळे हातवारेच आहेत, आणि ‘टाटा’ करायला शिकल्यामुळे एखाद्या मुलाचे बोलणे खुंटल्याचे त्यांनीही कधी पाहिले नसेल. परदेशी आया ज्याला नवी पद्धत म्हणून दाखवतात, त्यातला निम्मा भाग आपल्याकडच्या आज्या मांडीवर मूल घेऊन कितीतरी पिढ्या करत आल्या आहेत. मात्र आपण या खुणा लाडासाठी शिकवल्या, आणि खरे सांगायचे तर पाहुण्यांसमोर मिरवण्यासाठी शिकवल्या. मुलाला स्वतःची गरज सांगता यावी म्हणून शिकवल्या नाहीत.

शब्दाच्या आधी खूण येते, यात विशेष काही नाही. एक शब्द उच्चारायचा तर श्वास, कंठ, जीभ आणि ओठ यांचा मेळ एका क्षणात जमून यावा लागतो, आणि तो जमायला वेळ लागतो. हात मात्र त्याआधीच कामाला लागलेले असतात. दहा महिन्यांचे मूल फरशीवर सांडलेला चुरमुरा चिमटीत पकडते, पण त्याला ‘चुरमुरा’ म्हणता येण्यासाठी आणखी बराच काळ जावा लागतो. काय हवे आहे ते मनात स्पष्ट असते, ते जिभेवर येत नाही, आणि समोरच्या माणसाला कळत नाही. तुमच्या मुलीचे किंचाळणे बहुतेक याच अडचणीतून येते. तो हट्टीपणा नव्हे.

या विषयाचा अभ्यास अमेरिकेत सुरू झाला त्याचे मूळही घरातच होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा अक्रेडोलो यांची मुलगी वर्षाची असताना फूल दिसले की नाकाने हुंगल्यासारखे करू लागली. तो तिचा ‘फूल’ हा शब्दच होता. तेथून अक्रेडोलो आणि सुझन गुडविन यांनी अनेक वर्षे अशा खुणांचा अभ्यास केला आणि खुणांमुळे बोलण्याला मदत होते असा निष्कर्ष काढला. पुढे या निष्कर्षाचा बाजार झाला आणि ‘खुणा शिकवा, मूल हुशार करा’ अशा जाहिराती निघाल्या. त्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० आई-बाळांच्या जोड्या बाळ ८ महिन्यांचे असल्यापासून २० महिन्यांचे होईपर्यंत पाहिल्या, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खुणा शिकलेली मुले इतरांपेक्षा लवकर किंवा अधिक बोलू लागली असे दिसले नाही. बोलणे मागे पडले असेही दिसले नाही. फरक आढळला तो आयांमध्ये : खुणा शिकवणाऱ्या आया मुलाच्या मनात काय चालले असावे याकडे अधिक लक्ष देऊ लागल्या होत्या. म्हणजे जाहिरातीतला दावाही टिकत नाही आणि सासूबाईंची भीतीही टिकत नाही. जे उरते ते माझ्या मते पुष्कळ आहे : मूल हाताने काय सांगते आहे हे पाहण्याची घरातल्या मोठ्यांना सवय लागते.

आता ‘मुक्यासारखे’ या शब्दाविषयी थोडे बोलणे भाग आहे. कर्णबधिर माणसांची सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि ते मराठीचेही नाही आणि इंग्रजीचेही नाही. भारतीय सांकेतिक भाषेत ‘काय’, ‘कुठे’ असे प्रश्नार्थक शब्द साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतात. तुमच्या संचातील कार्डे बहुधा अमेरिकन सांकेतिक भाषेची असणार, आणि ती भाषा वेगळी आहे. तिची मुळाक्षरे एका हाताने दाखवतात, तर आपल्याकडे मुख्यतः दोन हातांनी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने चित्रफितींच्या रूपात शब्दकोश तयार केला आहे. २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत १० हजार शब्द आहेत आणि तो इंटरनेटवर पाहता येतो. खुणा घ्यायच्याच असतील तर तेथून घ्या. उद्या इमारतीत किंवा शाळेत एखादे कर्णबधिर मूल भेटले तर दोन-चार शब्द तरी दोघांचे समान असतील. अर्थात पाच-सहा खुणा करणारे मूल ‘सांकेतिक भाषा बोलते’ असे म्हणणे म्हणजे चार सुरांवर पेटी वाजवणाऱ्याला गवई म्हणण्यासारखे आहे, एवढे भान असू द्यावे. चित्रफीत मात्र तुम्ही आणि सासूबाईंनी पाहायची, मुलीला दाखवायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला बसवून पडदा दाखवणे योग्य नाही, आणि तसेही मूल हे पडद्यावरून शिकत नाही, समोरच्या माणसाच्या हातावरून शिकते.

सुरुवात चार किंवा पाच खुणांनी करा आणि त्या अशा निवडा की ज्यांच्यावाचून मुलीचे दिवसातून दहा वेळा अडते : पाणी, आणखी, पुरे, उघड, आणि दुखते म्हणजे तुमच्या घरातला ‘बाऊ’. प्राण्यांची चित्रे आणि रंगांची नावे हौसेची आहेत, ती मागाहून. खूण करताना तोंडाने शब्द नेहमी म्हणायचा. मुका हात मुलीला काही शिकवत नाही. पाण्याचे भांडे पुढे करण्याच्या क्षणभर आधी, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, ‘पाणी?’ म्हणत खूण करा आणि मग मनात सावकाश दहापर्यंत मोजा. हे दहा अंक फार कठीण असतात. आठ-चौतीसच्या गाडीच्या हिशेबाने जगणाऱ्या आपल्या शहरात मुलाच्या उत्तरासाठी दहा अंक थांबणे कोणालाच सवयीचे नाही, आणि म्हणूनच मुलाने हात उचलण्याच्या बेतात असताना आपण भांडे त्याच्या तोंडाला लावून मोकळे होतो. दहापर्यंत मोजूनही तिने काही केले नाही तर पाणी देऊन टाका. खूण केल्याशिवाय पाणी किंवा खाऊ नाही, अशी अट कधीही घालू नका. तिने केलेली खूण वेडीवाकडी असेल, पाण्याची खूण कानाजवळ होईल, तरीही ती मान्य करा. तीन-चार आठवडे काहीच दिसणार नाही आणि सासूबाई ‘मी म्हटले नव्हते?’ म्हणतील. तेवढे सोसा.

माझ्या नातवाचे एक उदाहरण देते. तो १३ महिन्यांचा असताना आम्ही त्याला ‘उघड’ची घरगुती खूण शिकवली होती : एका मुठीवर दुसरा तळवा ठेवून झाकण फिरवल्यासारखा फिरवायचा. पोह्यांच्या डब्यात एक लाकडी चमचा ठेवून झाकण लावायचे आणि डबा त्याच्या हाती द्यायचा, असा आमचा खेळ असे. जुलैतल्या एका दुपारी पावसाची झड आत येते म्हणून गॅलरीचे दार लावून घेतले होते. हा आला, माझ्या साडीचा काठ ओढला, बंद दाराकडे पाहिले आणि मुठीवर तळवा फिरवला. डबा जवळपास कुठेच नव्हता. झाकणाची खूण त्याने दारासाठी वापरली होती, आणि ती त्याला कोणीही सांगितली नव्हती. मी दार उघडले. बाहेर कठड्यावर भिजलेला कावळा बसला होता, तो त्याला पाहायचा होता. पुढे साधारण पाच महिन्यांनी तो ‘उघल’ म्हणू लागला आणि त्या आठवड्यातच ती खूण गळून पडली. शब्द आला की मुले खूण आपणहून सोडतात, कारण शब्दाला हात मोकळे ठेवावे लागत नाहीत.

तुमच्या घरात खुणांचा आणखी एक उपयोग होईल, आणि तो मुंबईतल्या पुष्कळ घरांना लागू आहे. सासूबाई ‘पाणी’ म्हणतात, मावशी ‘पानी’ म्हणतात, आणि तुम्ही दोघे बहुधा अधूनमधून ‘वॉटर’ म्हणत असाल. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलण्यात मागे पडत नाही, तेव्हा मावशींची हिंदी बंद करण्याच्या फंदात पडू नका. पण तिन्ही तोंडांच्या शब्दांबरोबर हाताची खूण एकच राहिली, तर हे तिन्ही शब्द एकाच वस्तूचे आहेत हे मुलीला सोपे जाईल. त्यासाठी मावशींनाही त्या पाच खुणा शिकवा. त्यांना या कामातून वगळाल तर चार तास वाया जातील.

आता खेळण्यांकडे वळते, कारण माझ्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न नाहीच, पहिल्याचाच पुढचा भाग आहे. मुलगी डब्यांशी खेळते याचे तुम्हाला वाईट वाटते आहे, पण तिची निवड अचूक आहे. बटण दाबले की गाणे म्हणणारे खेळणे मुलाला दुसऱ्या माणसाची गरज ठेवत नाही. झाकण लावलेला डबा ठेवतो. डबा उघडत नाही म्हणून मूल तुमच्याकडे येते, तुमच्या तोंडाकडे पाहते, आणि खूण किंवा शब्द यांना जागा मिळते ती तेथेच. म्हणून घरी खेळणे करताना मी एकच कसोटी लावते, की या खेळण्यात दुसरा माणूस लागतो का.

पहिले खेळणे गल्ल्याचे करा. पातळ प्लास्टिकचे झाकण असलेला एखादा उंच डबा घ्या, झाकणाला बोटभर रुंद आणि सात-आठ सेंटिमीटर लांब चीर पाडा, कापलेली कड पॉलिश पेपरने घासा आणि वरून स्वतःचे बोट फिरवून खात्री करून घ्या. आत टाकण्यासाठी बरण्यांची रुंद झाकणे वापरा. पाण्याच्या बाटलीची बुचे वापरू नका, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण इंटरनेटवर दिसणाऱ्या निम्म्या खेळण्यांत तीच असतात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला ३.१७ सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असे मानले जाते, आणि बाटलीचे बूच साधारण ३ सेंटिमीटरचे असते. घरात तपासायला कागदी रुमालाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी चालेल. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षिततेच्या बाजूने होईल. गल्ल्यात झाकणे टाकून संपली की मुलगी रिकामे हात घेऊन तुमच्याकडे पाहील. तेव्हा ‘आणखी?’ विचारा, खूण करा, आणि दहापर्यंत मोजा.

जुन्या सुती साडीचे हातरुमालाएवढे तुकडे एका खोक्याच्या भोकातून ओढून काढायला दिले तर अर्धा तास निघतो, मात्र ते एकमेकांना गाठ मारून लांब करू नका. २२ सेंटिमीटरपेक्षा लांब दोरी किंवा पट्टी इतक्या लहान मुलाच्या खेळण्यात नसावी, ती गळ्याभोवती बसू शकते. चिंध्यांची बाहुली सासूबाईंना करायला सांगा. तुमच्यापेक्षा त्यांचा टाका चांगला असणार, आणि आपण केलेल्या बाहुलीशी बोलताना त्यांचे हात आपोआप हलतील. बाहुलीचे डोळे दोऱ्याने भरायचे, मणी किंवा बटणे लावायची नाहीत. आत जुन्या बनियनचे तुकडे भरायचे, कडधान्य नाही. चवळी किंवा वाटाणा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो आणि मग तो काढायला डॉक्टरच लागतो. धान्याविषयी माझाही एक फजितीचा अनुभव आहे. मी एकदा हौसेने बाटलीत तांदूळ भरून खुळखुळा केला आणि झाकण चिकटवून टाकले. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पाहते तो बाटलीत टोके फिरत होते, आणि नातू ते अत्यंत आवडीने पाहत होता. पुठ्ठ्याचेही आपल्याकडे जून ते सप्टेंबर फार भले होत नाही. खोक्यांना ओल धरते, बुरशी येते, म्हणून पुठ्ठ्याची खेळणी महिनाभराची पाहुणी समजावीत आणि रद्दीत द्यावीत. मळलेल्या कणकेचा गोळा हे त्याहून उत्तम खेळणे आहे. टिकावा म्हणून त्यात मूठ-मूठ मीठ घालण्याच्या कृती दिसतात, त्या मात्र या वयाला नकोत, कारण तेवढे मीठ पोटात जाणे मुलाला घातक आहे.

हे काही कमी दर्जाचे, पैसे वाचवण्यापुरते खेळणे आहे असे कोणी म्हणाले तर त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण करून द्या. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालवाड्या चालवल्या, त्या परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनाच शैक्षणिक साधने करून. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचेही नाव तुम्ही ऐकले असेल, पण त्यांच्या खेळण्यांत काड्या, टाचण्या, रबराच्या नळ्या असतात. ती खेळणी मुलगी शाळेत गेल्यावर.

यजमानांचे जागेविषयीचे म्हणणे बरोबर आहे आणि ते तुमच्या उपयोगाचेही आहे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले, तेव्हा चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली. हा अभ्यास २०१८ चा आहे. चार खेळणी बाहेर ठेवा, बाकीची पोटमाळ्यावर टाका, आणि दर पंधरा दिवसांनी बदला. गल्ल्याचा डबा तर ओट्याखालीच राहील. विकतची खेळणी घ्यायचीच झाली तर आयएसआय चिन्ह पाहून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे.

एक गोष्ट मात्र खुणांवर सोपवू नका. १४ महिन्यांची मुलगी दोन शब्द बोलते आणि बोटाने दाखवते, यात काळजी करण्यासारखे मला काही दिसत नाही. तरीही तिच्या मागे उभे राहून हळू आवाजात हाक मारल्यावर ती वळते का, हे शांत खोलीत एकदा पाहा, आणि जन्मानंतर तिची श्रवणचाचणी झाली होती का हे कागदपत्रांत तपासा. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत ‘काऊ ये’ असे दोन शब्द स्वतःहून न जोडणे, किंवा येत असलेले शब्द आणि खुणा अचानक नाहीशा होणे, यांतले काहीही झाले तर ‘खुणा करते आहे, बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून कानांची तपासणी करून घ्यावी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. ऐकण्यात खरोखर अडचण निघाली तर पाच घरगुती खुणा पुरणार नाहीत. तेव्हा पुरी सांकेतिक भाषा, श्रवणयंत्र आणि उपचार यांचा विचार तज्ज्ञांबरोबर बसून, उशीर न करता करावा लागतो.

तुम्ही साडेसातला घरी पोहोचता, तेव्हा मुलगी पेंगुळलेली असते आणि तुम्ही दमलेल्या असता. त्या वेळी शिकवणी घेऊ नका. रात्रीचे दूध आणि अंथरुणावरची दहा मिनिटे, एवढ्यात ‘आणखी’ आणि ‘पुरे’ या दोन खुणा सहज बसतात. बाकीच्या तीन सासूबाई आणि मावशी पाहतील.

राहिली ती ४८ कार्डे. परत पाठवण्याची मुदत गेली असेल तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांचे कोपरे कात्रीने गोल करा आणि गल्ल्याच्या चिरेतून आत टाकायला मुलीला द्या. चीर त्यांच्या मापाची हवी, तेव्हा डबा कापण्याआधी एक कार्ड झाकणावर ठेवून पेनाने खूण करून घ्या.